साहेबांनी निवडलेला माणूस

आमच्या आत्याने जन्मात कुणाचं लग्न जुळवलं नाही. पोटच्या मुलीचंसुद्धा नाही. तिने आपलं आपण जुळवलं आणि आईला फक्त कळवलं. पण टाकून दिलेल्या कुत्र्यासाठी घर बघायचं म्हटलं, की ही बाई मुलीच्या बापाहून चिकित्सक. धंदा शिवणकामाचा. पॅन्ट आखूड कर, चेन बदल, बाही सैल कर. दोन खोल्या, पुढच्या खोलीत मशीन, मशीनखाली चिंध्यांचा ढीग आणि त्या ढिगावर कायम कोणीतरी चार पायांचा पाहुणा. प्राण्यांच्या निवाऱ्यातली थोराड कुत्री ती घरी आणायची, माणसाळवायची आणि चांगल्या घरी द्यायची.

"पिल्लाला कोणीही नेतं गं. थोराडाला कोण विचारतंय?" असं म्हणताना ती माझ्याकडे का बघायची, ते मी कधी विचारलं नाही. माझंही लग्न राहिलंय.

तिची पद्धत जगावेगळी. कुत्र्याचा फोटो कुणालाही पाठवायचा नाही. "फोटो बघून माणसं रंगरूपावर भाळतात आणि मग जन्मभर बोंबलतात." आलेल्यांनी चपला काढून जमिनीवर बसायचं, हात मांडीवर, तोंड बंद. हाक मारायची नाही, चुचकारायचं नाही, खिशात बिस्किट नको. कुत्रं आपणहून ज्याच्याकडे जाईल, त्याचं. या पद्धतीने दिलेलं एकही कुत्रं परत आलं नव्हतं, आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

मग आले साहेब. हे नाव माझं, कारण ते कुणासाठीच उठायचे नाहीत. रस्त्यावर सापडले तेव्हा कातडीच्या रोगाने अंगावर केस उरले नव्हते, एक कान फाटलेला, बरगड्या मोजून घ्या. आत्याने मलम चोळून चोळून त्यांना बरं केलं. केस आले, पण आखूड आणि करडे. भिंतीकडे तोंड करून ते चिंध्यांवर पडून असत. किती माणसं येऊन जमिनीवर बसून गेली! साहेब ढिम्म.

आणि आता आत्याचा गुडघा. ऑपरेशन ठरलं, त्यानंतर मुलीकडे राहायचं, आणि जावयाला दमा. घर मिळालं नाही तर साहेबांना परत निवाऱ्याच्या पिंजऱ्यात सोडावं लागणार होतं. तिथे त्यांनी आधी अन्नच सोडलं होतं. आत्या दिवसभर मशीन मारायची आणि मधेच थांबून डोळे पुसायची. विचारलं तर म्हणे, धागा गेला डोळ्यात.

अशात एका रविवारी एक जोडपं आलं. मी पॅन्ट आखूड करून घ्यायला गेले होते, म्हणून हजर. तो शांत, नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट. ती गप्प गप्प. त्यानेच सांगितलं, "आमचा कुत्रा वारला. तेव्हापासून हिचं कशात लक्ष नाही. म्हटलं, दुसरा आणू." बायकोला एवढं जपणारा नवरा! मी तर मनातल्या मनात त्याला शंभरपैकी शंभर देऊन टाकले.

दोघं बसले. हात मांडीवर. साहेब नेहमीसारखे भिंतीकडे. खोलीत कापडाची धूळ असतेच, तो खोकला.

साहेबांचा कान उभा राहिला. ते वळले, उठले, धडपडत आले आणि त्याच्या अंगावर असे कोसळले की माणूस मागे कपाटावर आपटला. तोंड चाटतायत, रडल्यासारखा आवाज काढतायत, शेपटी नुसती फटाफटा. मी टाळी वाजवली. आत्याने पदर तोंडाला लावला. "बघ! बघ! शेवटी सापडला गं याला!"

मग साहेबांनी गिरकी घेतली, त्याच्या मांडीत पाठमोरे बसले आणि डोकं मागे टाकून त्याच्या छातीवर टेकवलं. लहान मूल बसतं तसे.

बायको पांढरीफटक पडली होती.

"ढब्बू?" ती म्हणाली.

साहेबांनी तिचा हात एकदा चाटला आणि परत डोकं तिथेच ठेवलं.

"हा ढब्बू आहे," ती आमच्याकडे बघून म्हणाली, जणू आम्हीच काहीतरी खुलासा करणार होतो. मग नवऱ्याकडे वळली. "तू तर म्हणालास तो गेला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं म्हणालास. तुझ्या मांडीवर गेला म्हणालास!"

माझे टाळी वाजवलेले हात अजून हवेतच होते. खोटं नाही सांगत, ते खाली कसे घ्यायचे ते मला सुचेना.

तो आधी म्हणाला, सगळी कुत्री सारखीच दिसतात. पण मांडीतलं कुत्रं त्याची हनुवटी चाटत होतं, काय बोलणार? मग हळूहळू निघालं. ती माहेरी गेली होती. शेजारी भुंकण्याची तक्रार करत होते. घरमालक खोली सोडा म्हणाला. "गाडीत घालून लांब नेऊन सोडला. कोणीतरी नेईल असं वाटलं." आणि लगेच, "पण आता सापडलाय ना? नेऊ या की. नियमच आहे ना यांचा, त्यानेच निवडलंय मला."

आत्याकडे मी बघितलं. इतकी वर्षं मिरवलेला नियम त्याने उचलून तिच्याच तोंडावर मारला होता. ती गुडघा विसरून ताडकन उठली.

"तुम्ही बाहेर व्हा," ती म्हणाली.

तो खाली गेला. साहेब दारापाशी जाऊन पंजाने दार ओरबाडू लागले. ती बाई जमिनीवरच बसून होती.

"मी वर्षभर रडले याच्यासाठी," ती म्हणाली. "आणि हा बघा कुणासाठी रडतोय."

आत्याने जुन्या जीन्सचा शिवलेला पट्टा साहेबांच्या गळ्यात बांधला आणि दोरी त्या बाईच्या हातात दिली. "मी आजवर कुत्र्याला विचारून देत आले. आज त्याला विचारत नाही. तू ने बाळ."

जिना साहेबांनी तिला ओढतच उतरवला. खाली गाडी उभी होती. त्याने मागचं दार उघडून धरलं होतं, हॉटेलच्या दरवानासारखं. आत्या खिडकीतून ओरडली, "थांब गं!" पण साहेबांनी टुणकन उडी मारली आणि सीटवर जाऊन बसले. त्याच गाडीत. जिच्यातून त्यांना उतरवून टाकलं होतं, तिच्यात.

ती दाराला धरून उभी राहिली. मला वाटलं, आता ही मुकाट्याने बसणार, आणि झालं गेलं विसरून जाणार. बायका बसतात. तिने हात पुढे केला.

"किल्ली."

"अगं, घरी जाऊन बोलू."

"किल्ली दे. आईकडे चाललोय आम्ही."

त्याने दिली. ती स्टीअरिंगमागे बसली, दार लावलं आणि गेली. तो हात लोंबते सोडून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. त्याची मला जराही दया आली नाही. पण मागच्या काचेवर दोन्ही पंजे टेकवून साहेब त्याच्याकडे बघत होते, गाडी वळेपर्यंत, आणि आत्या खिडकीचा गज धरून रडत होती. या वेळी तिने धाग्याचं नावही घेतलं नाही.