रांगेतला म्हातारा

त्या इंग्रज म्हाताऱ्याला मी पहिल्या दहा मिनिटांतच निकालात काढलं होतं. लायडनजवळ एका डच मालिकेचं शूटिंग होतं. मला औषधांच्या दुकानातल्या बाईचं काम मिळालं होतं, एका वाक्याचं: "दिवसातून दोनदा, जेवणानंतर." त्याला औषध घ्यायला रांगेत उभं राहायचं होतं, तेही मुकाट.

तंबूत सूप पिता पिता त्यानं आपली कारकीर्द ऐकवली, मी विचारलेलं नसताना. चाळीसहून जास्त वर्षं सिनेमात आणि टीव्हीवर. बटलर, हवालदार, पाद्री, वाईट बातमी सांगून निघून जाणारा डॉक्टर. मोठ्या नटासाठी दार उघडायचं, त्याचा कोट घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. एकदा तर तो नुसतं प्रेत होता, आणि हे सांगताना चेहऱ्यावर काय ते समाधान! उभा जन्म दुसऱ्यांची दारं उघडली आणि वर त्याचं कौतुक. मी पुण्यात एकांकिका स्पर्धांमध्ये अभिनयाची बक्षिसं घेतलेली बाई. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले म्हणून माझी आणि याची बरोबरी होते की काय?

"तुमच्या बाईनं आज दुपारी काय खाल्लंय?" त्यानं विचारलं.

"कुठल्या बाईनं?"

"औषधवाल्या."

मी हसले. एका वाक्यात जेवण कुठे कोंबू? मग त्यानं खिशातून डॉक्टरची चिठ्ठी काढली, शूटिंगसाठी दिलेली. "हे औषध माझं नाही, बायकोचं आहे," तो म्हणाला. "ती आता फार दिवसांची सोबती नाही. मला ठाऊक आहे, तिला नाही." पटकथेत त्या म्हाताऱ्याला बायकोच नव्हती. याची स्वतःची डच बायको बाहेर गाडीत बसून शब्दकोडं सोडवत होती, ठणठणीत. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय!

शॉटच्या वेळी मी माझं वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवलं. आम्हाला नाटकात तसंच शिकवलंय. दिग्दर्शक दोनदा म्हणाला, जरा हळू. मग मी हळू म्हटलं, पण भुवया उंचावून. तो "छान" म्हणाला. विषय संपवायलाही छान म्हणतात, हे मला तेव्हा कळलं नाही.

भाग लागणार त्या संध्याकाळी मी इथल्या मराठी मंडळातली चार कुटुंबं बोलावली. साबुदाणा वडे तळले. सात वर्षं या देशात मी अमक्याची बायको आणि तमकीची आई होते. एकदा तरी सगळ्यांनी मला बघावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते फार हवं होतं.

पडद्यावर दुकान आलं. काउंटरवरून एक हात पुढे झाला, हातात औषधाची पिशवी. तो माझा. वाक्य नव्हतं, चेहराही नव्हता.

"अगं, कट केलं की काय तुला?" एक मैत्रीण म्हणाली.

"हात मस्त आलाय पण," नवरा म्हणाला. त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला.

कॅमेरा म्हाताऱ्यावरच थांबला होता. त्यानं पिशवी घेतली. चिठ्ठी वाचली, घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून हातानं एकदा दाबली. दारातून एक बाई आत येत होती. तिच्यासाठी त्यानं दार धरलं, तिच्याकडे बघून जरासा हसला आणि बाहेर पडला. बस, एवढंच. सगळ्यांचे वडे हातात तसेच राहिले.

माझी आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे वळली. मराठी तिला कळते, पण इथल्या इंग्लिश शाळेमुळे बोलते इंग्लिशच. "आई, इज हिज वाइफ गोइंग टु डाय?"

त्या बायकोबद्दल मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्याच्या लायकीचं वाटलं नव्हतं मला.