बायच्या गाडीतला छर्रा

पेडण्यात कोणालाही विचारा, बाबूच्या पोटात काही राहत नाही म्हणून सांगतील. मी चहाच्या दुकानात शिरलो की लोक कपबशी खाली ठेवून माझ्याकडे वळतात — हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे, थोडं फुशारकीनेच सांगतो. पण एक गोष्ट त्या दुकानात कधी गेली नाही. बायकोला ठाऊक नाही. देवळात मी गाऱ्हाणं घालतो तेव्हा अख्ख्या वाड्याच्या चुका खणखणीत आवाजात देवाच्या पायांशी ठेवतो — त्यात ही एक कधी ठेवली नाही. आज कागदावर तुमच्याजवळ बोलतो. गाडीपासून सुरुवात करू का? नको — बायपासून करतो.

बाय म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणी तापात तिच्या डाव्या पायातला जोर गेला तो गेलाच. मांद्र्याच्या हायस्कुलात ती गणित शिकवायची. बसची पायरी उंच, आणि ड्रायव्हरला कायम घाई. बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटर तिने एकदा घेऊन पाहिली, ती पहिल्याच उतरणीवर तिला घेऊन शेतात उतरली. म्हणून रोज सकाळी मी तिला मोटरसायकलवर मागे बसवून शाळेत सोडायचो आणि तसाच पुढे हरमलला जायचो. तिथे माझं गॅरेज — पर्यटकांना भाड्याने दिलेल्या स्कूटरी सगळ्या शेवटी माझ्याकडे लंगडत यायच्या. संध्याकाळी बायला घेऊन घरी.

आणि लोक बघायचे. हे नीट लक्षात ठेवा, सगळी मेख इथे आहे — लोक बघायचे! मांद्र्याच्या तिठ्यावर मासळी विकणारी बाई तर रोज हात थांबवून म्हणायची, "असो भाव मेळूक भाग्य लागता गो टीचर!" बाय मागून उत्तर द्यायची, "भाग्य खरें, पूण ताका सांग, वाटेर गजाली मारीत रावू नाका. माजी पयली घंटा चुकता."

मी जत्रेच्या नाटकांत राजा झालोय, राक्षस झालोय, एकदा ऐनवेळी नारदही झालो. पण त्या तिठ्यावर मोटरसायकल हळू करताना जी दाद मिळायची, ती रंगमंचावर कधी मिळाली नाही. रोजचा प्रयोग, रोज हाउसफुल्ल. अशी भूमिका कोण सोडेल?

मग ती गाडी आली.

मांद्र्याच्या एका गेस्ट हाउसवाल्याच्या आवारात एक जुनी जपानी गाडी काजूखाली उभी होती. मुलाने हौसेने आणलेली ऑटोमॅटिक. क्लच नाही, डाव्या पायाला काही कामच नाही. गिअरबॉक्स जळला होता. गाडी फक्त मागे जायची, पुढे नाही. म्हापशाच्या मेकॅनिकांनी हात जोडले — मुंबईला न्या म्हणाले. मालक वैतागून म्हणाला, कोंबड्या आत अंडी घालतात, तुम्हीच न्या. बायने त्या गाडीचे दोन पेडल बघितले. उजवा पाय एकावर ठेवला, मग दुसऱ्यावर. तिचा तो चेहरा मी बघितला होता, तुम्हाला खोटं सांगणार नाही.

टेम्पोतून गाडी आणली, पण आमच्या वाड्यावरची वाट अरुंद, टेम्पो आत शिरेना. मग काय — वाड्याच्या तोंडापासून घरापर्यंत मी गाडी उलटी चालवत आणली! मान मागे वळवून, एक हात बाहेर काढून, राजासारखा. पुढे कुत्री, मागे पोरं, जनेलाचे गज धरून बायका. बाय काठी टेकत बाजूने चालत होती आणि हसून हसून थांबत होती.

गिअरबॉक्स मीच उघडणार असं मी जाहीर केलं. डिचोलीला खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये मी उमेदवारी केलेली, खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकांचे गिअरबॉक्स पुष्कळ उघडलेले. पण हा प्रकार निराळा. टिपरचा गिअरबॉक्स म्हणजे दात आणि दांडे. याच्या पोटात सगळा तेलाचा कारभार. तेल कुठून कुठे दाब देतं त्यावर गिअर ठरतो. ते जळलेलं तेल बाल्दीत ओतलं तेव्हा करपलेल्या भाजीसारखा वास घरभर झाला आणि आईने दोन दिवस आमच्याशी अबोला धरला.

काम सोप्यावर मांडलं. इंग्रजी मॅन्युअल बाय वाचायची, मी पाना फिरवायचो. सुटा केलेला प्रत्येक भाग ती खडूने आखलेल्या चौकोनात ठेवायची — वर्गातल्या पोरांना रांगेत बसवावं तसा. पुसायला फडकं घेऊ द्यायची नाही. कापडाचा धागा आत गेला तर झडप अडकते, असं पुस्तकात लिहिलेलं. मुंबईहून नव्या क्लच प्लेटा आल्या, त्या बसवण्याआधी तेलात भिजवाव्या लागतात. बायने घरातला सर्वांत मोठा टोप घेतला. आई ओरडली, "गे, त्या टोपात आता पेज कशी शिजवू?" बाय म्हणाली, "आता त्यात गाडयेची पेज शिजता!"

ते दिवस — खरं सांगू? — माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. आम्ही दोघं लहानपणी सुद्धा इतके एकत्र खेळलो नव्हतो.

शेवटी राहिला त्या गिअरबॉक्सचा मेंदू. तळहातापेक्षा मोठी धातूची पाटी, तिच्यात वारुळासारख्या वाटा, आणि ठराविक खळग्यांत बसणारे पोलादाचे छोटे छर्रे. सायकलच्या बेरिंगमध्ये असतात तसेच. तेल कुठे जायचं आणि कुठे नाही हे ते छर्रे ठरवतात. ते खाली पडू नयेत म्हणून बायने आपल्या डबीतलं व्हॅसलीन लावून एकेक बसवला. चित्राशी ताडून बघितला. पुन्हा ताडला. मग हात धुवायला विहिरीवर गेली.

त्याच दुपारी शेजारीण आंगणात डोकावून गेली होती. चांगल्या मनाने म्हणाली, "आतां टीचर आपणच गाडी घेवन शाळेत वतली. तू सुटलो रे बाबू!"

सुटलो. मी? कशातून सुटलो?

बघा, मी अजून फिरतोय इकडेतिकडे. टोप सांगितला, कोंबड्या सांगितल्या. सांगतो आता.

बाय विहिरीवर होती. मी त्या पाटीतला एक छर्रा बोटाने उचलला. व्हॅसलीनमध्ये खड्डा राहिला, तो अंगठ्याने सारखा केला. छर्रा खिशात टाकला, वर झाकण ठेवलं आणि बोल्ट आवळले. बाय परत आली आणि म्हणाली, "अरे व्वा, बंद पण केलंस?"

हेच. एवढंच केलं मी.

गाडीत गिअरबॉक्स चढला, तेल भरलं, दिवस ठरला. बाय नवी साडी नेसून स्टिअरिंगमागे बसली. वाडा गोळा झालेला. नारळ मी फोडला आणि गाऱ्हाणंही मीच घातलं — खिशात छर्रा असताना! "बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेक आपल्या गाडयेत बसता, तिची वाट सुखरूप कर म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" माझा आवाज त्या दिवशी काय लागला होता! बायचे डोळे भरून आले.

तिने दांडा पुढच्या गिअरवर ओढला. इंजिन गुरगुरलं, गाडी जागची हलली नाही. मागच्या गिअरवर टाकला — गाडी शहाण्यासारखी मागे गेली. पोरं खदखदून हसली. बायसुद्धा हसली. मग घरात जाऊन साडी बदलून आली आणि सोप्यावरचे खडूचे चौकोन पुसू लागली. म्हणाली, "छर्रे मी बसवले. माझंच कुठेतरी चुकलं."

आणि मी काय म्हणालो असेन? "चलता गे बाय, मनाक लावन घेव नाका." मी तिला माफ केलं! सगळ्यांच्या देखत, मोठ्या मनाने. तिठ्यावर माझा भाव आणखी वधारला — बिचारा, इतकी मेहनत वाया गेली, तरी बहिणीला एक शब्द बोलला नाही.

तिने पुढे कितीदा तरी विचारलं, परत उघडून बघूया का? मी सांगायचो, अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खोटं. ती पाटी गाडीच्या खालूनच, तेलाचं भांडं काढलं की हाती येते. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. मध्ये तिला डिचोलीच्या एका शाळेत मुख्याध्यापिकेची जागा विचारली. ती नको म्हणाली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "बाबूला रोज इतक्या लांब कशाला दामटवू?" मी तेव्हा जेवत होतो. मी जेवत राहिलो.

एका मे महिन्यात मी हरमलहून परत आलो तर आंगणात गाडी नाही. कोंबड्या भांबावून फिरतायत. मागच्या माळावरून हॉर्न ऐकू आला. पळत गेलो — बाय गाडी चालवत होती. बैलगाडीच्या वेगाने, गोल गोल, पुढे! मागच्या सीटवर आई डोळे मिटून देवाचं नाव घेत होती.

बायने सुट्टीत पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं होतं. चाकांखाली लाद्या रचून, गोणपाटावर उताणी पडून तिने खालून ती पाटी काढली. "तिथे पाय लागतच नाही रे," ती मला हसत म्हणाली, "पडूनच करायचं काम." छर्रे मोजले, एक कमी. सायकलवाल्याकडून त्याच मापाचा आणला. झालं. आणि मग — तिच्या कोपरापर्यंत तेल होतं, केसांत गवत होतं — तिने माझा हात धरला. "एक छर्रा घालायलाच विसरले रे मी. तुका उगाच इतकी वर्षां त्रास दिलो. चुकलं माझं."

तेव्हा बोलायला हवं होतं, नाही? तोंड उघडलं की झालं असतं. मी तोंड उघडलं — आणि टाळ्या पिटत माळावर नाचलो. आई सुद्धा गाडीतून उतरून हसली. नाचणाऱ्या माणसाला कोण काय विचारणार?

डिचोलीची जागा पुढे पुन्हा निघाली तेव्हा बाय हो म्हणाली. रोज स्वतः गाडी चालवत गेली. खाणीच्या टिपरांना मागे टाकायची म्हणे. वाटेत दोन बाया आणि एका नर्सला घ्यायची, गाडीत त्यांचा निराळाच हशा चालायचा. एकदा तर सगळ्या मिळून केरीच्या समुद्रावर जाऊन आल्या आणि मला परत आल्यावर कळलं. मी तिठ्यावरून एकटा जायचो. मासळीवाली मान वर करायची आणि पुन्हा खाली घालायची.

गेल्या महिन्यात बाय निवृत्त झाली. निरोपाच्या कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत. मुलांना ती म्हणाली, आजवर दर वर्षी सांगते ती गोष्ट शेवटची सांगते. आणि तिने गाडीची गोष्ट सांगितली. "मी एक छर्रा विसरले. माझी चूक बघायला मला धीर झाला नाही म्हणून गाडी दोन पावसाळे उभी राहिली. ज्या दिवशी उघडून बघितलं, त्या दिवशी ती पुढे गेली." मुलं टाळ्या वाजवत होती. दर वर्षी! इतक्या मुलांना तिने माझी चूक स्वतःच्या नावावर शिकवली, आणि ती सगळी मुलं मोठी होऊन कुठे कुठे नोकऱ्या करतायत. मीही टाळ्या वाजवल्या. हात आपोआप उठले, इतकी सवय.

बाय वाचते. हातात पडेल ते सगळं वाचते, हेही वाचेल. तेव्हा तिच्यासाठी आणि त्या सगळ्या मुलांसाठी नीट लिहून ठेवतो. त्या दुपारी बायच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. तिने बसवलेला प्रत्येक छर्रा आपापल्या जागेवर होता. त्यातला एक मी काढून खिशात टाकला नसता, तर ती गाडी पहिल्याच दिवशी पुढे गेली असती.