कापूस गोदामाची शेवटची मापं

स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत तुळईत शिरला. सागाची जाडजूड तुळई, वरून काळी, चकचकीत. आतून भुसा. शिडीवरून खाली पाहिलं, तर तालमीला जमलेली सगळी मंडळी माझ्याकडंच बघत होती.

"काय रे विलास?" नलूताईंनी विचारलं.

"वाळवी."

"मग औषध मारू की."

मी शिडी उतरलो.

तेव्हा मी औरंगाबादला पालिकेत ज्युनियर इंजिनियर होतो. मोंढ्यामागचं हे कापसाचं गोदाम निजामाच्या काळातलं. पोलिस ॲक्शननंतर मालक हैदराबादला गेला, गोदाम रिकामं पडलं आणि हळूहळू तिथं कलावंत शिरले. खाली नलूताईंच्या नाटकांच्या तालमी; एरवी त्या शाळेत मराठी शिकवायच्या. एका टोकाला, त्याच छताखालच्या अर्ध्या माडीवर रशीदभाई. ते कातिब, म्हणजे सुंदर अक्षरात लिहिणारे. उर्दू लग्नपत्रिका असो की आमच्या नाटकाचा बोर्ड, हात त्यांचाच. मागच्या खोलीत तबल्याचा क्लास.

कॉलेजात असताना माझी प्रत्येक संध्याकाळ इथंच गेली. खुलताबादहून आलेलो, चारचौघांत तोंड उघडायचो नाही. नलूताईंनी आधी पडदा ओढायला लावलं, मग एक वाक्य दिलं, मग थेट म्हाताऱ्या बापाची भूमिका.

म्हणूनच साहेबांना म्हणालो होतो, ही पाहणी दुसऱ्याला द्या.

"का?"

"माझी माणसं आहेत तिथं."

"मग तूच जा. नीट बघशील."

नीट बघितलं. छत माळवदी होतं. म्हणजे खाली लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. तुळई गेली की ती सगळी माती खाली. नऊपैकी सहा तुळया पोकळ निघाल्या. ओळंबा सोडून पाहिला, तर रस्त्याकडची भिंतही बाहेर झुकलेली.

"टेकू लाव," नलूताई म्हणाल्या. "'दुरुस्ती आवश्यक' एवढंच लिही. पुढच्या महिन्यात प्रयोग आहे."

"टेकू कशाला लावू ताई? वर लाकूडच उरलं नाही."

"तू इथं घडलास विलास."

मी ओळंब्याची दोरी गुंडाळू लागलो. बोलले ते रशीदभाई.

"लिहून टाका, इंजिनियर साब. सालभर माझ्या दौतीत माती पडतेय. बोललो असतो तर जागा गेली असती, म्हणून मी कुणाला बोललो नाय."

नलूताई त्यांच्याकडं बघतच राहिल्या.

मी रिपोर्टात लिहिलं, 'धोकादायक. पाडणे आवश्यक.' नोटीस लागली. सामान निघालं. नलूताई माझ्याशी बोलेनात. पाडकामाच्या दोन दिवस आधी मात्र त्या ऑफिसात आल्या.

"टेप घेऊन चल. तालमीची जागा मोजून दे."

रशीदभाईंनी टेपचं दुसरं टोक धरलं. नलूताई सांगत गेल्या, मी कागदावर उतरवत गेलो. इथून एन्ट्री. इथं खिडकीचा उजेड. हा खांब. इथं नवी माणसं बसून बघतात. सरकारी नकाशात यातलं काहीच नसतं.

पाडकामाच्या दिवशी माडीवर सब्बलीचा पहिला घाव पडला आणि तालमीवरचं अर्धं छत आपसूकच खाली आलं. धूळ बसल्यावर नलूताईंनी एवढंच विचारलं, "खाली कुणी नव्हतं ना?"

"कुणी नव्हतं."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

त्याच आठवड्यात त्यांच्या शाळेच्या मैदानावर मी नकाशाप्रमाणं फक्कीनं रेषा मारून दिल्या. तालीम सुरू झाली. बापाचं काम करणारा नट बोलता बोलता अचानक वळसा घालून गेला.

"असा का गेलास?" नलूताईंनी विचारलं.

"इथं खांब होता ना."

सगळे हसले. मग कुणालाच पुढचं वाक्य आठवेना.

प्रयोग मात्र ठरल्या दिवशी झाला. रशीदभाईंना एका छापखान्यात कोपरा मिळाला. तबल्याचा क्लास बंदच पडला.

पुढं नोकरीत अशा बऱ्याच इमारतींवर 'पाडणे आवश्यक' लिहावं लागलं. लिहिण्याआधी आतल्या माणसांना विचारायची सवय ठेवली, काय मोजून देऊ? कुणी चौकटीची उंची मागितली, कुणी ओट्याची. नको म्हणणारं क्वचितच भेटलं.