पदवीदानात राहून गेलेलं नाव

पुण्याहून निघाल्यापासून आमच्या ह्यांच्या हातात भाषणाचे कागद होते. नागपूरच्या एका विज्ञान महाविद्यालयाने पदवीदानाला पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ‘जातच आहात, तर मीही नागपूर पाहते’ म्हणून मी सोबत निघाले. मनमाड गेलं, भुसावळ गेलं, तरी ह्यांचं पुटपुटणं थांबेना. सकाळी वर्ध्याच्या अलीकडे कापसाची काळी रानं लागली, तीही इंजिनाच्या कोळशाच्या कणांनी चुरचुरणारे डोळे चोळत मी एकटीनेच पाहिली.

उतरलो नागपूरच्या रामदासपेठेत. दुसऱ्या दिवशी न्याहारीला तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) आले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर तर्री आली. वरून पदवीदानाचा झगा घालायचा होता म्हणून अब्रू वाचली.

मंडपात मी बायकांच्या रांगेत बसले. शेजारी नऊवारीतल्या एक बाई, मांडीवर संत्र्यांची पिशवी. “पुन्याच्या काय?” म्हणत त्यांनी एक संत्रं माझ्या हातावर ठेवलंसुद्धा. त्या जवळच्या कुही गावाकडच्या, घरी थोडी धानाची (भाताची) शेती. मुलगी वत्सला बी.एस्सी. झालेली, घराण्यात पहिलीच.

“मी नाव आयकाले आली,” त्या म्हणाल्या. “वत्सला डोमाजी. तिच्या बाबाचंबी नाव येते ना त्यात! त्याईले जाऊन वरीस झालं.”

मग ह्यांचं भाषण झालं. तासभर, इंग्रजीत. बाई एकटक बघत होत्या.

“काय म्हणून राहिले साहेब?”

“विज्ञान घरोघरी पोचलं पाहिजे म्हणतात.”

“मंग बरोबर हाय,” बाईंनी मान डोलावली.

नंतर प्राचार्यांनी सुवर्णपदकवाल्यांची नावं घेतली. बाकीच्यांना एकदम उभं केलं, एका वाक्यात सगळ्यांना पदवी दिली आणि खाली बसवलं. राष्ट्रगीत झालं, लोक उठले, तरी बाई कान देऊन बसलेल्या.

“आता नाव घेतीन ना?”

मला सांगवेना, पण सांगितलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. कुणाचा ते कळेना, म्हणून नवऱ्याचा.

“चला,” मी म्हटलं, “भाषण करणारे ते माझेच यजमान. त्यांनाच विचारा.”

हे चहा पीत उभे होते. बाई थेट पुढे गेल्या.

“साहेब, तुमी घंटाभर बोलले. माह्या पोरीचं नाव काहून नाही घेतलं?”

“माय, चुप वं!” ऑफिसातून पदवीची गुंडाळी घेऊन वत्सला तिथे पोचली होती. ओशाळून ती आईचा हात ओढू लागली.

वडिलांचं मी ह्यांना हळूच सांगितलं. ह्यांनी कप खाली ठेवला, वत्सलाच्या हातातली गुंडाळी उलगडली आणि मघाच्याच खड्या आवाजात वाचलं, “कुमारी वत्सला डोमाजी...” पुढे आडनाव, पदवी, श्रेणी, सगळं. भोवतालचे लोक वळून पाहू लागले.

बाईंनी डोळे मिटले होते. “आखीन एकदा घ्या.”

ह्यांनी पुन्हा वाचलं. या खेपेला वत्सलाने आईचा हात सोडला आणि झगा सारखा करून ती ताठ उभी राहिली.

परतीच्या गाडीत बसले तेव्हा लक्षात आलं, मी नागपूर असं पाहिलंच नव्हतं. पण काही राहून गेल्यासारखं वाटत नव्हतं. बाईंनी निघताना दिलेली संत्री सोलत होते, तोच ह्यांनी विचारलं, “भाषण कसं झालं?”

“शेवटचं फार छान झालं,” मी म्हटलं. “एका ओळीचं.”

वर्धा आलं तसं ह्यांनी भाषणाचे कागद पिशवीच्या तळाशी घातले आणि माझ्याशेजारी सरकून खिडकीबाहेर पाहू लागले.