इलेआनाच्या घराची नोंद

जगदीश मेश्राम मूळचा भंडाऱ्याचा. कार्ल्सरूहेला स्थापत्यशास्त्रात पीएचडी करायला आला आणि तिथल्याच एका संस्थेत नोकरीला लागला. २००४च्या उन्हाळ्यात संस्थेनं त्याला उत्तर रोमानियातल्या एका खेड्यात धाडलं. तिथली जुनी घरं कशी बांधलीत, ते लिहून आणायचं होतं.

तो दोन महिने इलेआना नावाच्या सत्तरीच्या विधवेकडे राहिला. घर तिच्या सासऱ्यानं बांधलेलं. ओकच्या तुळया टोकाला खाचा पाडून एकमेकींत बसवलेल्या, लोखंडी खिळा एकही नाही. जोतं नुसत्या रचलेल्या दगडांचं, त्यामुळे ओल लाकडापर्यंत चढत नसे. भिंतींना आतून चिकणमाती, भुसा आणि घोड्याच्या लिदेचा लेप. इलेआना चिखल कालवायला बसली, तेव्हा पाहुणा नाक मुरडेल असं तिला वाटलं. जगदीश पँट दुमडून त्यात उतरला आणि तुडवायला लागला.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"आईनं," तो मोडक्यातोडक्या रोमानियनमध्ये म्हणाला. "आमच्याकडे गाईचं शेण घालतात."

म्हातारी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

नोंदी वाचून संस्थेतले त्याचे प्राध्यापक खूश झाले. जर्मनीतल्या एका संग्रहालयाला ते घरच सुटं करून नेऊन आपल्या आवारात उभं करायचं होतं. बदल्यात तिला सिमेंटचं नवं घर मिळणार होतं. इलेआना कुणाचंच ऐकेना, म्हणून संस्थेनं जगदीशला पाठवलं.

"तू म्हणतोस तर देते," ती म्हणाली. "पण होतं तसंच उभं करतील ना?"

"करतील, मावशी."

त्याला खरंच तसं वाटत होतं.

दोन वर्षांनी उद्घाटनाला तो बायकोला, क्षमाला, घेऊन गेला. जोतं काँक्रीटचं होतं. कोपऱ्याकोपऱ्यात लोखंडी बोल्ट. भिंतींवर पिशवीतलं तयार प्लास्टर. तिथल्या इंजिनिअरला त्यानं विचारलं, "माझ्या नोंदीत सगळं लिहिलं होतं ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण लोक आत जाणार, मग सुरक्षेचा फोरश्रिफ्ट लागू होतो. नियम म्हणजे नियम."

पाटीवर प्राध्यापकांचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, 'एका शेतकरी कुटुंबाचं घर'.

"अहो, तुम्ही त्या बाईंना शब्द दिला होता," क्षमा म्हणाली.

"मला काय माहीत हे असं करतील?"

"विचारलं होतंत का कुणाला?"

घरी येऊन त्यानं संग्रहालयाला कडक पत्र लिहिलं. पण त्याच महिन्यात त्याचा नोकरीचा करार पुढे वाढायचा होता. पत्र पाठवलं नाही. करार वाढला.

२००८च्या मार्चमध्ये दुसऱ्या कामासाठी रोमानियात गेला, तेव्हा तो वाट वाकडी करून इलेआनाकडे थांबला. नव्या घराच्या भिंती कोपऱ्यांत काळ्या पडल्या होत्या. ती सारखी खोकत होती.

"माझं घर पाहायला लोक येतात?"

"पुष्कळ येतात."

"होतं तसंच आहे?"

"तसंच आहे, मावशी."

तिनं समाधानानं मान हलवली. मग काळ्या कोपऱ्यावर हात ठेवून म्हणाली, "भिंत मातीची असती तर लिंपली असती. हिचं काय करू? तू इंजिनिअर ना, सांग."

जगदीशनं बुरशी मारायच्या औषधाचं नाव कागदावर लिहून दिलं आणि दुपारच्या बसनं परतला.