ती थांबती

आमच्या इंद्रायणीइतकं गोड खोटं बोलणारी बाई अख्ख्या नारायणगावात नव्हती. भर दुपारी घामानं निथळत माईकसमोर बसायची आणि म्हणायची, "राम राम मंडळी! लई गारठा पडलाय राव आज. चहा झाला का?"

दोन हजार सात-आठ सालची गोष्ट. शेतकऱ्यांसाठीचं आमचं रेडिओ केंद्र छोटं, कार्यक्रम सकाळी सहाचा. इंद्रायणीचं, म्हणजे आमच्या इंदूचं, घर डिंगोऱ्याला; तिथून एवढ्या पहाटे जीप कुठली मिळायला? म्हणून आदल्या दुपारीच सगळं रेकॉर्ड करायचं. मशीनवर मी, सोमाजी. कोंबड्याचं आरवणं मी टाकायचो, चहाचा भुरका इंदू स्वतः मारायची. लोकांना वाटायचं, बाई आत्ताच बोलतीय.

"चहा झाला का?" विचारून ती जरा थांबायची. हळूहळू ते थांबणं वाढायलाच लागलं. मी भडकलो. "अगं, रेडिओ बंद पडला म्हणतील लोक! कापतो मी हे."

"नका कापू, भाऊ." तिचे डोळे भरले. "तिथं माझी आई बोलती."

तिच्या आईच्या, धोंडाबाईच्या, अंगावरून वारं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, हिला बोलती ठेवा, नाहीतर वाचा जाईल ती कायमचीच. पण म्हातारी घरात कुणापुढं तोंड उघडेना. मग एका सकाळी गोठ्यात धार काढताना इंदूनं ऐकलं, रेडिओ विचारतोय आणि आई त्याला उत्तर देतीय. "झा... ला."

आता कसला कापतोय मी! उलट चार भुरके जास्तीचे मारायला लावले.

एकदा मी त्यांच्याकडं मुक्कामाला होतो. सकाळी रेडिओ लागला. "चहा झाला का?" म्हातारीचे ओठ हलायला लागले. शेणाची पाटी घेऊन घाईत निघालेली इंदू जाता जाता बोलून गेली, "झाला की, आत्ताच तर दिला तिला."

धोंडाबाईनं धड राहिलेला हात वर केला.

"गप," ती म्हणाली. "ती... थांब... ती."

इंदू जागीच उभी राहिली. मला काही तिच्या तोंडाकडं बघवेना. पाटी खाली ठेवून ती आईच्या पायाशी बसली.

"मी बी थांबते, आये. बोल तू."

रेडिओवरची इंदू पुढं गेली, टोमॅटोचे भाव सांगून मोकळीसुद्धा झाली. गोठ्यात म्हैस ओरडत होती. ही इंदू मात्र हलली नाही.

"च... हा," म्हातारी म्हणाली. "गा... र व्हता."