सरांच्या वडिलांची शेवटची वाइन

हे आत्ताच सांगून टाकते, उद्यापर्यंत थांबले तर कुणालाच सांगणार नाही.

मी इकडे परदेशात पीएचडी केली; माझ्या गाइडचं घराणं मूळ इटलीतलं. तिकडे टेकडीवर त्यांचा द्राक्षमळा होता, रेड वाइन घरीच करायचे. वडील गेले आणि भावांनी मळा विकून टाकला. वडिलांनी स्वतः केलेल्या शेवटच्या वाइनची एकच बाटली सरांकडे उरली होती. एटी-फाइव्हच्या उन्हाळ्यात ती त्यांनी माझ्या हातात दिली.

"माझ्याकडे राहिली तर एखाद्या वाईट संध्याकाळी मी उघडीन. तू पीत नाहीस, तुझ्याकडे सेफ आहे. तुझ्या थीसिसचा डिफेन्स झाला की दोघं मिळून उघडू. अंधारात ठेव, आडवी ठेव."

"हो सर."

"अजून सरच म्हणतेस, नावाने नाही? इथे येऊन वर्ष झालं ना तुला?"

पंधरा दिवसांनी नागपूरहून आई आली, तीन महिन्यांसाठी. घरात दारूची बाटली. रूममेट म्हणाली, "यार, सांगून टाक ना, सरांची आहे म्हणून."

"तू माझ्या आईला ओळखत नाहीस."

आई दिवसभर किचनमध्ये, कपडे आवरायलाही तीच. उरलं एकच कपाट, गरम पाण्याच्या हीटरचं. आत सारखं भुस्स व्हायचं, आई त्याला घाबरायची. मी बाटली जुन्या टॉवेलात गुंडाळून हीटरच्या मागे सरकवली. अंधारात. आडवी. आई परत गेली तरी तिथेच ठेवली, कारण मला खरंच वाटत होतं की जागा मस्त आहे. दोन हिवाळे गेले.

परवा शुक्रवारी डिफेन्स झाला. सरांनी ऑफिसात दोन ग्लास पुसून ठेवले होते. टॉवेल सोडला तर तो आतून चिकट. बूच वर आलेलं. सरांनी बाटली उघडली. ओतली, वास घेतला, एक घोट घेतला.

"कुठे ठेवली होतीस?"

"अंधारात. आडवी."

"गरम जागी?"

मी मानेनेच हो म्हटलं. दुसऱ्या ग्लासात त्यांनी ओतलीच नाही. स्वतःचा ग्लास मात्र हळूहळू पूर्ण संपवला, औषध घेतात तसा. मग म्हणाले, "थंड जागी ठेव, हे मी सांगायला हवं होतं. आमच्या घरी कुणाला सांगावं लागत नाही." आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स, डॉक्टर." ओरडले असते तर बरं झालं असतं.

आज सकाळी आईला फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं, बाटलीसकट. लाइनवर खरखर, मग आई म्हणाली, "ती टॉवेलातली? पाहिली होती मी. झाडू शोधत होते तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतकी जपून लपवली होतीस. म्हटलं, पोरीला ओशाळं वाटेल. हात लावला होता गं, चांगलीच तापली होती. तिथून काढावीशी वाटली. पण काढली असती तर तुला कळलं असतं ना."

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. डिग्री मिळाली, आणि मी कुणाचा तरी बाप शिजवून टाकलाय असं वाटतंय. उद्या सोमवारी सरांना तोंड कसं दाखवू?

तुमच्या बाबतीत झालंय का असं? ज्या माणसापासून लपवलं, त्याला आधीच माहीत होतं, असं?